‘एवढी मॅच संपू दे!’ : मोबाईलवरील गोळीबाराचे खेळ आणि मुलांचे आरोग्य

‘एवढी मॅच संपू दे, मग जेवायला येतो’ हे वाक्य ज्या घरात ऐकू येत नाही, असे घर आज गंगाखेडपासून जिंतूरपर्यंत शोधावे लागेल. आई ताट वाढून बसलेली असते, भाजी गार होते, वडिलांचा आवाज चढतो आणि शेवटी मोबाईल हिसकावला जातो. मग मुलगा दार आपटतो, कधी रडतो, कधी भिंतीवर डोके आपटतो. दुसऱ्या दिवशी पालक दवाखान्यात येतात. तक्रार मात्र वेगळीच असते : पोराचे डोके दुखते, डोळे चुरचुरतात, भूक लागत नाही, चिडचिड वाढली आहे, काहीतरी टॉनिक लिहून द्या. दोन प्रश्न विचारले की खरे कारण बाहेर येते. रात्री एक-दीड वाजेपर्यंत ‘पबजी’ किंवा ‘फ्री फायर’ चाललेले असते.

या खेळांबद्दल दोन टोकांची मते ऐकू येतात. पालकांच्या मते हे निव्वळ विष आहे. मुलांच्या मते हा नुसता खेळ आहे आणि डॉक्टरांना, आईबापांना त्यातले काही कळत नाही. दोन्ही बाजूंत थोडे थोडे तथ्य आहे. म्हणून आजच्या लेखात या खेळाच्या जमेच्या बाजूही पाहू आणि उणिवाही पाहू. विशेषतः या खेळाच्या रचनेतील एक गोष्ट पालकांनी समजून घेणे जरुरीचे आहे, कारण घरातील निम्मी भांडणे त्या एका गोष्टीतून निर्माण होतात.

हा खेळ आहे तरी काय?

ब्रेंडन ग्रीन या आयरिश गृहस्थाच्या कल्पनेतून आणि दक्षिण कोरियातील कंपनीच्या भांडवलातून ‘पबजी’ हा खेळ २०१७ साली संगणकावर आला. २०१८ मध्ये तो मोबाईलवर आला आणि स्वस्त इंटरनेटमुळे आपल्याकडे खेड्यापाड्यांत पोहोचला. खेळाचे स्वरूप असे : शंभर खेळाडू विमानातून छत्रीने एका बेटावर उतरतात. हातात काही नसते. रिकाम्या घरांतून बंदुका, गोळ्या, चिलखत, मलमपट्टी गोळा करायची आणि समोर येईल त्याला टिपायचे. बेटावर एक मोठे वर्तुळ असते, ते हळूहळू आकसत जाते. वर्तुळाबाहेर राहिला तो मेला. शेवटी जो खेळाडू किंवा जी चौघांची तुकडी उरते, ती जिंकते. एक सामना साधारण अर्धा तास चालतो. ‘फ्री फायर’ त्याच धर्तीचा, पण पन्नास खेळाडूंचा आणि सुमारे दहा मिनिटांत संपणारा. तो साध्या, कमी किमतीच्या मोबाईलवरही चालत असल्याने आपल्या भागात जास्त पसरला.

बंदीचा इतिहासही पाहू. केंद्र सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी ११८ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाईल होता. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ ‘बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया’, म्हणजे मुलांच्या भाषेत ‘बीजीएमआय’, या नावाने परत आला. जुलै २०२२ मध्ये तो पुन्हा काढला गेला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा आला. फ्री फायरवर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी आली, पण त्याचे ‘मॅक्स’ हे भावंड चालूच राहिले. नावे बदलली, रक्ताचा लाल रंग हिरवा झाला, खेळ तोच राहिला. सरकार बंदी घालील आणि आपली सुटका होईल, या आशेवर बसलेल्या पालकांनी हा इतिहास लक्षात ठेवावा.

जमेची बाजू

पहिली जमेची बाजू म्हणजे सोबत. चौघे मित्र कानाला हेडफोन लावून एकत्र खेळतात. ‘उजवीकडून दोघे येताहेत’, ‘मला पट्टी दे’, ‘तू मागे थांब’ असे त्यांचे बोलणे चालते. २०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद, मैदाने ओस आणि मित्र भेटेनासे झाले, तेव्हा कित्येक मुलांना मित्रांचा आवाज याच खेळातून ऐकू येत होता. सोनपेठचा मुलगा पुण्याला शिकायला गेलेल्या मावसभावाबरोबर आजही याच निमित्ताने रोज बोलतो. एकट्याने टीव्हीसमोर बसून राहण्यापेक्षा हे नक्कीच बरे आहे.

दुसरी बाजू नजरेची. अमेरिकेतील रोचेस्टर विद्यापीठातील ग्रीन आणि बॅवेलिए या शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये दाखवून दिले की वेगवान मारधाडीचे खेळ खेळणाऱ्यांची दृष्टी एकाच वेळी अनेक वस्तूंवर लक्ष ठेवण्यात अधिक तरबेज असते, आणि सरावाने ही शक्ती थोडीफार वाढवता येते. २००७ मध्ये ३३ शल्यचिकित्सकांची दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या सरावात परीक्षा घेण्यात आली. पूर्वी आठवड्यात तीन तासांहून जास्त व्हिडिओ गेम खेळलेल्या डॉक्टरांच्या चुका इतरांपेक्षा ३७ टक्के कमी आणि कामाचा वेग २७ टक्के अधिक आढळला. मुले हे उदाहरण मोठ्या हुशारीने पुढे करतात. त्यांना दोन गोष्टी सांगाव्यात. एक, ही मोजणी आठवड्याच्या तासांची आहे, दिवसाच्या नव्हे. दुसरी, ज्यांचा हात मुळातच स्थिर त्यांना असे खेळ आवडत असतील, हीही शक्यता राहतेच. खेळामुळे शल्यचिकित्सक होता येते, असा त्याचा अर्थ नाही.

तिसरी बाजू स्पर्धेची. चीनमधील हांगझो येथे २०२३ मध्ये झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत संगणकीय खेळांना प्रथमच पदके दिली गेली आणि त्यात पबजीची एक आवृत्तीही होती. मात्र तेथे खेळाडूंनी एकमेकांना गोळ्या घालायच्या नव्हत्या, ठरावीक लक्ष्यांवर नेम धरायचा होता. या खेळातून नाव आणि पैसा मिळवणारी मुले आपल्या देशात आहेत, हे खरे आहे. पण तालुक्याच्या मैदानावर क्रिकेट खेळणाऱ्या हजारो मुलांपैकी किती जण रणजीपर्यंत पोहोचतात, तोच हिशेब येथेही लागू पडतो.

गोळीबार पाहून मूल गुन्हेगार होईल का?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक पालक विचारतो. जत्रेत, उरुसात छर्ऱ्याच्या बंदुकीने फुगे फोडण्यासाठी आपणही लहानपणी रांग लावली आहे. नेम धरणे आणि तो लागणे यातला आनंद जुनाच आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये मांडलेले मत असे की हिंसक खेळांचा चिडखोर वागण्याशी, म्हणजे ओरडणे, ढकलणे अशा वर्तनाशी थोडा संबंध दिसतो, पण प्रत्यक्ष गंभीर हिंसाचाराशी त्यांचा संबंध जोडण्याइतका पुरावा नाही. इंग्लंडमध्ये सुमारे हजार किशोरवयीन मुलांची पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात तर आक्रमकतेशीही संबंध आढळला नाही. तेव्हा तुमचा मुलगा पबजी खेळतो म्हणून उद्या बंदूक हाती घेईल, ही भीती मनातून काढून टाकावी. दहा वर्षांखालील मुलांना मात्र असली दृश्ये दाखवूच नयेत, कारण खरे आणि खोटे यांतली सीमा त्या वयात पक्की झालेली नसते.

मग काळजी कशाची करायची? गोळीबारापेक्षा खेळ कसा बांधला आहे, याची.

खरी उणीव : मध्येच थांबता येत नाही

पूर्वीचे खेळ आठवून पाहा. गल्लीतले क्रिकेट दिवेलागणीला आपोआप संपे, कारण चेंडू दिसेनासा होई. कॅरममध्ये सोंगट्या संपत. जत्रेतील बंदुकीचे छर्रे संपत. शहरातील व्हिडिओ पार्लरमध्ये नाणे टाकावे लागे आणि खिशातली नाणी संपली की घरी जावे लागे. घरातल्या टीव्हीला जोडायच्या खेळात तर चित्र तात्पुरते थांबवायचे बटणच होते. आई हाक मारी, बटण दाबून मुलगा जेवून येई आणि खेळ होता तेथून पुढे सुरू होई.

पबजी, फ्री फायर यांत असे बटण नाही, आणि ते असूही शकत नाही. समोरचे खेळाडू कोणी नांदेडचे, कोणी नागपूरचे, कोणी बिहारमधले. तुमच्या घरी जेवण वाढले म्हणून ते नव्व्याण्णव जण थांबणार कसे? बाविसाव्या मिनिटाला मुलाने मोबाईल खाली ठेवला तर त्याचा शिपाई पडद्यावर नुसता उभा राहतो आणि मारला जातो. सोबतचे तीन मित्र उघडे पडतात, हरतात, त्यांचे गुण कमी होतात आणि दुसऱ्या दिवशी शाळेत ‘तू पळालास’ म्हणून सुनावतात. म्हणजे ‘एवढी मॅच संपू दे’ म्हणणारा मुलगा त्या क्षणी आईचा अपमान करीत नसतो. तो मित्रांना दिलेला शब्द पाळत असतो. आईला दिसतो उद्धटपणा, मुलाला दिसते गद्दारी टाळणे. या खेळाची सर्वांत मोठी जमेची बाजू, म्हणजे जिवंत माणसांची सोबत, हीच त्याची सर्वांत मोठी अडचणही आहे.

दुसरी गोष्ट अशी की सामना संपतो, पण खेळ संपत नाही. शंभर जणांत एक तुकडी जिंकते, बाकी सारे हरतात. म्हणजे हरणे हाच या खेळातला नेम आणि जिंकणे हा अपवाद. ‘थोडक्यात गेली, आता एक शेवटची’ असे वाटायला लावणारीच ही रचना आहे. त्यात नव्या खेळाडूला सुरुवातीच्या सामन्यांत पुष्कळसे प्रतिस्पर्धी संगणकाने चालवलेले, सहज मरणारे मिळतात. पहिल्याच दिवशी मुलगा जिंकतो आणि त्याला वाटते, मला हे जमते.

स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने गेल्या शतकात कबुतरांवर प्रयोग केले होते. दाणा ठरावीक वेळी मिळण्याऐवजी कधी मिळेल याचा नेम नसेल, तर कबूतर थकेपर्यंत चोच मारत राहते, असे त्याला आढळले. माणसाचा मेंदू याबाबतीत फार वेगळा नाही. १९९८ मध्ये लंडनमधील शास्त्रज्ञांनी आठ पुरुषांना रणगाड्याचा एक साधा व्हिडिओ गेम खेळायला देऊन त्यांच्या मेंदूची तपासणी केली. खेळताना ‘डोपामिन’ हे रसायन पाझरते, असे दिसून आले. हे रसायन ‘पुन्हा कर’ असा हुकूम देते. किशोरवयात हा हुकूम जोरदार असतो आणि ‘आता पुरे’ म्हणणारा मेंदूचा पुढचा भाग पक्का व्हायला वयाची विशी उलटावी लागते. त्यामुळे पंधरा वर्षांच्या मुलाने स्वतःहून मोबाईल ठेवावा, ही अपेक्षा मुळातच थोडी जास्त आहे.

आणखी दोन उणिवा

हे खेळ केवळ इंटरनेटवर चालतात. नेट गेले, वीज जाऊन वायफाय बंद पडले की ऐन सामन्यात मुलगा बाहेर फेकला जातो आणि त्याचा राग घरच्यांवर निघतो. खेळाचा ताबाही कंपनीकडे असतो. ३० ऑक्टोबर २०२० रोजी भारतातील पबजी मोबाईल पूर्ण बंद झाला, तेव्हा दोन-अडीच वर्षे जमवलेले सर्व काही एका दिवसात कुलूपबंद झाले. नव्या नावाने खेळ आल्यावर काही काळ जुने खाते आणण्याची मुभा मिळाली, ही गोष्ट वेगळी. मुलांना हे अवश्य समजावून सांगावे की या खेळात विकत घेतलेले कपडे, बंदुकीचे रंग यांपैकी काहीही खऱ्या अर्थाने आपल्या मालकीचे नसते.

येथे पैशाचा प्रश्न येतो. खेळ फुकट मिळतो, पण शिपायाचे कपडे, बंदुकीची सजावट आणि आत काय निघेल ते ठाऊक नसलेल्या पेट्या पैसे देऊन घ्याव्या लागतात. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबईतील जोगेश्वरीच्या एका सोळा वर्षांच्या मुलाने आईच्या बँक खात्यातून सुमारे दहा लाख रुपये पबजीवर खर्च केले आणि घरचे रागावल्यावर तो घर सोडून निघून गेला. पोलिसांनी त्याला शोधून परत आणले, अशा बातम्या त्या वेळी आल्या होत्या. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेला कायदा पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाईन खेळांवर बंदी घालतो. त्यात गोळीबाराचे हे खेळ येत नाहीत. तेव्हा कायदा झाला म्हणून येथे निर्धास्त राहू नये.

दुसरी उणीव अनोळखी माणसांची. मित्र हजर नसले की खेळ कोणालाही तुकडीत जोडून देतो. मग बारा वर्षांच्या मुलाच्या कानात पंचवीस वर्षांच्या माणसाच्या शिव्या पडतात. कोणी गोड बोलून फोटो, फोन नंबर किंवा ओटीपी मागतो. मुलींच्या बाबतीत तर अधिकच जपावे लागते.

शरीरावर होणारे परिणाम

झोप : सर्वांत मोठे नुकसान झोपेचे होते. सगळे मित्र मोकळे होतात ते रात्री दहानंतर, त्यामुळे खेळाची वेळ आपोआप रात्रीची ठरते. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला ८ ते १० तास झोप लागते. गोळीबाराच्या खेळात छाती धडधडते, अंगात उत्तेजना भरते. मोबाईल ठेवला तरी ती लगेच उतरत नाही. दिवसा केलेला अभ्यास मेंदू झोपेत पक्का करतो. झोप तुटली की सकाळी डोके जड होते, वर्गात डुलकी लागते, चिडचिड होते आणि गुण घसरतात. टॉनिकने यातले काहीही भरून निघत नाही.

डोळे : एरवी आपण मिनिटाला साधारण पंधरा-वीस वेळा पापण्या लवतो. पडद्याकडे टक लावल्यावर हे प्रमाण खूप कमी होते, डोळे कोरडे पडतात आणि चुरचुरतात. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद तरी वीस फूट लांब पाहावे. जवळचे पाहत घरात बसून राहणाऱ्या मुलांत लांबचे न दिसण्याचा चष्मा लागण्याची शक्यता वाढते. रोज दीड-दोन तास उघड्यावर, दिवसाच्या उजेडात खेळल्याने ती कमी होते. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी बाहेर पडणे शक्य नसते, म्हणून सकाळची आणि संध्याकाळची वेळ साधावी.

मान आणि हात : मान खाली घालून तासन्‌तास बसल्याने मानेचे आणि खांद्याचे स्नायू आखडतात. अंगठ्याच्या सततच्या हालचालीने मनगटाच्या अंगठ्याकडील बाजूला सूज येऊन दुखते. मुठीत अंगठा धरून मनगट करंगळीकडे वाकवल्यावर कळ येत असेल तर मोबाईलला काही दिवस विश्रांती द्यावी आणि डॉक्टरांना दाखवावे.

अवधान : मार्च २०१९ मध्ये शेजारच्या हिंगोलीत रेल्वेमार्गाजवळ पबजी खेळण्यात गुंग झालेल्या दोन तरुणांचा रेल्वेखाली चिरडून मृत्यू झाला. कानात हेडफोन आणि डोळे पडद्यावर असले की समोरून येणारी गाडीसुद्धा कळत नाही. परभणी, पूर्णा, सेलू, मानवत रोड अशी रुळांच्या कडेने वाढलेली आपली गावे आहेत. रूळ, रस्ता, विहीर, गच्चीचा कठडा येथे खेळायचे नाही, हा नियम घरात पहिल्या दिवसापासून असावा. चार्जिंगला लावलेल्या, तापलेल्या मोबाईलवरही खेळू नये.

छंद की आजार?

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०१९ मध्ये आजारांच्या नव्या यादीला मंजुरी दिली आणि ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. या यादीत खेळाच्या व्यसनाला आजार म्हणून स्थान मिळाले आहे. त्याची तीन मुख्य लक्षणे आहेत. एक, खेळण्यावर ताबा राहत नाही. दोन, जेवण, झोप, अभ्यास, नातीगोती या सर्वांच्या आधी खेळ येतो. तीन, नुकसान होत आहे हे दिसूनही खेळ चालूच राहतो किंवा वाढतो. हे साधारण बारा महिने चालले असेल आणि शिक्षण, घर किंवा काम यांचे स्पष्ट नुकसान होत असेल, तर त्याला आजार म्हणतात. लक्षणे तीव्र असतील तर इतकी वाट पाहण्याचे कारण नाही.

यात किती तास खेळतो याचा आकडा नाही, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. सुट्टीत रोज दोन-तीन तास खेळणारा, पण शाळा सुरू होताच कमी करणारा मुलगा आजारी नसतो. खेळणारी बहुतेक मुले आजारी नसतात. त्यांना ‘व्यसनी’ म्हणून चारचौघांत हिणवू नये. उलट एखादा मुलगा दिवसभर खेळात बुडालेला दिसला, तर तो कशापासून पळतो आहे, हेही पाहावे. दहावीची भीती, शाळेतील छळ, घरातली भांडणे, उदासीनता किंवा अतिचंचलपणा यांपासून काही मुले खेळात आसरा घेतात. तेथे नुसता मोबाईल काढून घेतला तर मूळ दुखणे तसेच राहते.

घरी काय करावे?

१. घड्याळाने न सांगता सामन्याने सांगा. ‘आठ वाजले, बंद कर’ हा हुकूम नेमका सामन्याच्या मध्यावर येतो. त्याऐवजी ‘साडेसातनंतर नवी मॅच सुरू करायची नाही’ असा नियम करा. चालू सामना आठपर्यंत संपतो आणि ताटावर सगळे वेळेवर बसतात. शाळेच्या दिवशी एखादा, सुट्टीच्या दिवशी दोन-तीन सामने, असे मुलाबरोबर बसून ठरवा. फ्री फायरचे सामने छोटे असल्याने त्यांची संख्या वेगळी धरा. मित्रांनाही ‘माझी ही शेवटची’ असे आधी सांगायची सवय मुलाला लावा.

२. सामना चालू असताना मोबाईल हिसकावू नका, वायफाय बंद करू नका. नियम मोडला तर शिक्षा दुसऱ्या दिवशीच्या खेळाच्या वेळेतून कापा, आणि कापायची म्हटले की खरोखरच कापा. आज रागाने बंद आणि उद्या पाहुणे आले म्हणून मोकळीक, असे झाले तर स्किनरच्या कबुतराचाच प्रयोग आपण घरात करतो.

३. रात्री सर्वांचे मोबाईल एका ठिकाणी, झोपायच्या खोलीबाहेर ठेवा. सर्वांचे म्हणजे वडिलांचाही.

४. मोबाईलमध्ये कार्ड, यूपीआयचा पिन किंवा पासवर्ड साठवून ठेवू नका. मुलाला पिन सांगू नका. खात्यातून पैसे गेल्याचा संदेश आला की त्याच दिवशी पाहा.

५. आठवड्यातून एकदा शेजारी बसून एक पूर्ण सामना पाहा. तुकडीत कोण आहे, त्याला प्रत्यक्ष ओळखतोस का, हे विचारा. अनोळखी आवाज बंद ठेवण्याची सोय खेळात आहे, ती वापरायला सांगा.

६. काढून घ्याल त्याच्या बदल्यात काहीतरी द्या. मुलाला तुकडी हवी आहे, डावपेच हवा आहे, जिंकणे हवे आहे. हे सारे कबड्डीत, व्हॉलीबॉलमध्ये, क्रिकेटमध्ये मिळते. मात्र त्यासाठी मैदान आणि मित्र दोन्ही लागतात. संध्याकाळचा तास शिकवणीने भरून टाकला तर मुलाला मोकळा वेळ रात्रीच मिळणार आणि तो मोबाईलवरच जाणार.

खेळ अचानक पूर्ण बंद केला तर पहिले काही दिवस चिडचिड, बेचैनी, झोप न लागणे असा त्रास होतो. तो हळूहळू ओसरतो. त्यासाठी दुकानातून झोपेच्या गोळ्या आणू नयेत, गंडेदोरेही करू नयेत. या आजाराचे औषध मुख्यतः समुपदेशन हेच आहे. बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेत अशा रुग्णांसाठी २०१४ पासून खास दवाखाना चालतो. एवढ्या लांब जाण्याआधी आपल्या डॉक्टरांना आणि जवळच्या मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. केंद्र सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क असून त्यावर मराठीत बोलता येते.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. मोबाईल काढून घेतल्यावर मुलगा किंवा मुलगी ‘मी जीव देईन’ असे म्हणाली, तर ‘नाटके करतो’ म्हणून सोडून देऊ नका आणि ‘दे बघू’ असे आव्हानही देऊ नका. त्या वेळी मुलाला एकटे ठेवू नका. शांतपणे जवळ बसा, घरातील फवारणीची औषधे कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी मदत घ्या. अशा वेळी मोबाईलचा वाद काही काळ बाजूला राहिला तरी चालेल.

बंदी की शिस्त?

मार्च २०१९ मध्ये गुजरातेतील राजकोटच्या पोलिसांनी पबजीवर बंदी घालून खेळणाऱ्या तरुणांना अटकही केली होती. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्री ते सकाळी सहापर्यंत ऑनलाईन खेळ बंद केले आणि दहा वर्षांनी तो कायदा मागे घेण्याचा निर्णय घेतला. चीनने २०२१ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवारी रात्री आठ ते नऊ एवढीच मुभा दिली. आपल्याकडे २०२३ मध्ये बीजीएमआय परतला, तेव्हा अठरा वर्षांखालील मुलांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घालण्यात आली. पण वडिलांच्या नावाचे खाते वापरणाऱ्या मुलाला ती मर्यादा लागत नाही, आणि लागली तरी शाळकरी मुलाला रोज तीन तास फारच झाले.

जुन्या खेळांना सूर्य, नाणी आणि छर्रे शेवट आणून देत. या खेळाच्या रचनेत तसा शेवट नाही, म्हणून तो घरातल्यांनी ठेवायचा. येत्या रविवारी जेवणानंतर मुलांना जवळ बसवा, त्यांचे म्हणणे ऐका आणि शेवटच्या सामन्याची वेळ सर्वांच्या संमतीने ठरवून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. पहिले आठ-दहा दिवस कुरकुर होईल. ती सहन करा, पण वेळ बदलू नका. महिनाभराने मुलाची झोप, भूक आणि चिडचिड यांत फरक पडला का, ते पाहा. तरीही फरक पडला नाही, तर मुलाला घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा. जाताना त्याला रागावून नव्हे, विश्वासात घेऊन न्या.